जळगावची रास मकर : वाचकांचे प्रश्न, भविष्यकाराची उत्तरे

दिवाळीच्या अंकात आम्ही ‘जळगावकरांचे वार्षिक राशिभविष्य’ छापले होते. ते विनोदी आहे, असे शीर्षकाखाली बारीक अक्षरांत नमूद केलेले होते. मात्र जळगावात बारीक अक्षरे केवळ सोन्याच्या पावतीवरची वाचली जातात, हे आमच्या ध्यानात राहिले नाही. परिणामी कार्यालयात जी पत्रे आली, त्यांत कौतुकाची थोडी, तक्रारींची पुष्कळ आणि ‘आमच्या मुलीचे यंदा जमेल काय’ असे विचारणारी तीन निघाली. त्या तिघांना उत्तर देण्याचा आम्हाला अधिकार नाही, म्हणून ती पत्रे पत्रिकांसह परत केली आहेत. उरलेल्यांतील काही पत्रे, लिहिणाऱ्यांची नावे वगळून, येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझी रास कुंभ. ‘शनी अजून तुमच्या घराचा उंबरठा ओलांडून गेलेला नाही,’ असे तुमच्या भविष्यात वाचले. मी राहतो शनिपेठेत. म्हणजे राशीचा स्वामी शनी, साडेसाती शनीची आणि टपालाचा पत्ताही शनीचाच. बिऱ्हाड हलवून जोशीपेठेत गेलो, तर काही फरक पडेल काय?
— एक त्रस्त वाचक, शनिपेठ

उत्तर : फरक पडेल, पण तो टेम्पोचे भाडे आणि नव्या घरमालकाची अनामत रक्कम एवढाच असेल. शनीला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला साधारण साडेएकोणतीस वर्षे लागतात, त्यामुळे प्रत्येक राशीत त्याचा मुक्काम सुमारे अडीच वर्षांचा होतो; आपली रास, तिच्या आधीची आणि तिच्या नंतरची अशा तीन मुक्कामांची बेरीज म्हणजे साडेसाती. २९ मार्च २०२५ रोजी शनी मीन राशीत गेला, तेव्हापासून कुंभेची शेवटची अडीचकी सुरू आहे. सूर्यापासून सुमारे एकशे त्रेचाळीस कोटी किलोमीटर अंतरावरून फिरणारा हा ग्रह पेठेची पाटी वाचत असेल, असे मानायला आधार नाही. शिवाय तुम्ही शनिपेठ सोडून गेलात, तरी तुमच्याकडे उधारी मागायला येणाऱ्यांना जोशीपेठेचा रस्ता ठाऊक आहे, आणि तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावरून आम्हाला असे वाटते, की खरी साडेसाती त्यांचीच आहे.

प्रश्न : माणसांची भविष्ये पुष्कळ झाली. शहराची म्हणून काही रास असते काय? असल्यास जळगावची कोणती?
— निवृत्त शिक्षक, महाबळ परिसर

उत्तर : गुरुजी, या प्रश्नाची आम्ही दोन वर्षे वाट पाहत होतो. पंचांगाच्या मागच्या पानांवर अवकहडा चक्र दिलेले असते. त्यात सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण असून प्रत्येक चरणाला एकेक अक्षर नेमून दिलेले आहे; ज्याची जन्मवेळ ठाऊक नाही, त्याची रास नावाच्या पहिल्या अक्षरावरून काढण्याची रीत त्यावरूनच पडली. गावांची जन्मवेळ कोणत्याही सुईणीने टिपून ठेवलेली नसल्यामुळे त्यांच्या बाबतीत नावरासच धरावी लागते. ‘जा’ आणि ‘जी’ ही अक्षरे उत्तराषाढा नक्षत्राची, म्हणजे मकरेची; तेव्हा जळगावची रास मकर. खानदेशाचे ‘ख’ही मकरेतच मोडते. एवढ्यावर कोणाला शंका असेल, तर त्याने मकरेच्या नऊ अक्षरांतील पहिले अक्षर पाहावे. ते अक्षर ‘भो’ आहे. ज्या गावात रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सारे एकमेकांना ‘काय रे भो’ म्हणून हाक मारतात, त्या गावाची रास दुसरी कोणती असणार?

मकरेचा स्वामी शनी, हे शनिपेठकरांनी पुन्हा ध्यानात घ्यावे. शास्त्राप्रमाणे मकरेची साडेसाती वर सांगितलेल्या मार्च महिन्यातच संपली. त्यानंतर शहर एकदम सुखी का झाले नाही, असे आपण विचाराल. त्याचे कारण असे, की शहरातील रस्त्यांना स्वतंत्र साडेसाती असते आणि तिच्याही तीन अडीचक्या असतात. पहिल्या अडीचकीत जलवाहिनीसाठी रस्ता खोदला जातो, दुसरीत तोच रस्ता भुयारी गटारीसाठी खोदला जातो, आणि तिसरीत, डांबर नुकतेच वाळलेले असताना, रात्री अकराच्या सुमारास कोणीतरी केबल टाकायला येतो. आमच्या गल्लीत सध्या दुसरी अडीचकी चालू असून गटारीचे झाकण रस्त्याच्या चार बोटे वर आलेले आहे. गल्लीतील दुचाकीस्वार त्याला उजवी प्रदक्षिणा घालून पुढे जातात.

शेजारच्या गावांचेही पाहून टाकू, म्हणजे पुन्हा पत्रव्यवहार नको. धुळे आणि भुसावळ या दोघांचे नक्षत्र पूर्वाषाढा, रास धनू. एकाच नक्षत्रामुळे दोघांची नाडीही एकच येते, म्हणून या दोन गावांनी आपसांत सोयरीक करण्यापूर्वी भटजींना अवश्य विचारावे. पण एक गाव भुसावळच्या केळीने आणि दुसरे धुळ्याच्या दुधातुपाने ओळखले जात असल्यामुळे शिकरणाचा योग मात्र उत्तम आहे. फैजपूरही त्याच नक्षत्राचे. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात तिथे झाले, यावरून पूर्वाषाढेला पाहुण्यांची पंगत मानवते, एवढे दिसते. नंदुरबारची रास वृश्चिक, स्वामी मंगळ, रंग लाल. आणि त्या गावाबाहेर लाल मिरच्या वाळत घातलेल्या ज्याने पाहिल्या आहेत, किंवा पाहण्याआधी ज्याला शिंका आल्या आहेत, त्याला यापुढे ज्योतिषाविषयी काही सांगावे लागणार नाही. अमळनेरही मंगळाचेच, मेष राशीचे. पण त्या गावाने मंगळाचा तापटपणा तत्त्वज्ञानात जिरवला. तत्त्वज्ञानाच्या अध्ययनासाठी तिथे १९१६ साली संस्था निघाली, साने गुरुजींनी तिथे शिकवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले. मेषेच्या माणसाने इतके शांत राहिल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

नाव बदलले की रासही बदलते, ही एक अडचण आहे. एदलाबाद होते तोवर त्या गावाची रास वृषभ होती. मुक्ताईनगर झाल्यावर ती सिंह झाली, आणि त्या तालुक्यातील राजकारण ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना आधीची बैलाची रास आठवतसुद्धा नाही. आपल्या विद्यापीठाचेही तसेच. १९९० साली ‘उत्तर महाराष्ट्र’ या नावाने ते स्थापन झाले तेव्हा रास वृषभ, स्वामी शुक्र. २०१८ साली नावाच्या आरंभी ‘कवयित्री’ आले आणि रास मिथुन, स्वामी बुध झाला. शुक्र हा चैनीचा आणि बुध हा बुद्धीचा ग्रह मानतात. विद्यार्थ्यांच्या दुचाक्या आणि केशरचना पाहता शुक्राने अद्याप पूर्णपणे खोली रिकामी केलेली दिसत नाही.

प्रश्न : इंग्रजी वर्तमानपत्रानुसार माझी रास सिंह आणि मराठी वर्तमानपत्रानुसार मीन येते. दोन्हीकडची भविष्ये जुळत नाहीत. कोणते खरे मानावे?
— एक बँक कर्मचारी, रिंग रोड

उत्तर : इंग्रजी वर्तमानपत्र जन्माच्या वेळी सूर्य कोठे होता ते पाहते आणि आपल्याकडे चंद्र कोठे होता ते पाहतात. सूर्य एका राशीत महिनाभर राहतो, चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो. शिवाय राशिचक्राचा आरंभ कोठे धरायचा, यावरून दोन पद्धतींत सध्या सुमारे चोवीस अंशांचा फरक पडतो. त्यामुळे त्यांची सिंह आणि आपली सिंह या दोन वेगळ्या गल्ल्यांत राहतात. खरा जळगावकर दोन्ही भविष्ये वाचतो आणि, सराफ बाजारात दोन दुकानांत भाव विचारून जसा एकीकडे बसतो, तसा फायद्याच्या भविष्याकडे जाऊन बसतो. आपण बँकेत आहात. ही पद्धत आपल्याला नवी नसावी.

प्रश्न : वृषभेला ‘वैशाखात हमखास धनलाभ’ असे आपण छापले. वैशाखात माझी केळी कापणीला आली, त्याच आठवड्यात भाव उतरला, आणि उरलेली बाग ज्येष्ठातल्या वाऱ्याने आडवी केली. याचा खुलासा करावा. मी रागावलेलो नाही.
— केळी उत्पादक, रावेर (मुलांच्या शिक्षणासाठी मुक्काम जळगाव)

उत्तर : आपण रागावलेले नाही, हे आपण तीन वेळा लिहिले आहे, त्यावरून राग किती आहे ते समजले. धनलाभ झाला, याविषयी आमच्या मनात शंका नाही. फक्त तो आपल्या कुंडलीतून निघाला, सावद्याला वॅगनमध्ये बसला आणि दिल्लीला उतरला. वृषभेची माणसे दिल्लीतही असतात, ही गोष्ट आम्ही भविष्य लिहिताना विचारात घ्यायला हवी होती.

तरी या निमित्ताने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रावेरचे ‘रा’ हे अक्षर चित्रा नक्षत्राचे आणि रास तूळ. बारा राशींमध्ये तूळ ही एकच रास अशी, की जिचे चिन्ह जनावर किंवा माणूस नसून वस्तू आहे, आणि ती वस्तू म्हणजे तराजू. ज्या तालुक्याचे वर्षभराचे सुखदुःख काट्यावर चढणाऱ्या घडांवर ठरते, त्याला हीच रास यावी, आणि त्या तराजूच्या एका पारड्यात आपण व दुसऱ्यात कटती, म्हणजे वजनातून होणारी कपात, बसलेली असावी, हा योग कोणत्याही भविष्यकाराला सुचला नसता. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे ती कोठली हे आता कायद्याने ठरलेले आहे, कितीला जायची हे मात्र रोज सकाळीच ठरते.

पुढील वर्षी केळी उत्पादकांसाठी आम्ही वेगळे भविष्य देणार आहोत, आणि त्यात ग्रहांना हात लावणार नाही. बाग मृगाची असो की कांदेबाग, आपल्या घडात गर भरेल तेव्हा सगळ्यांच्याच घडांत भरेल. भाव चढेल तेव्हा आपली कापणी उरकलेली असेल आणि शेजाऱ्याची राहिलेली असेल. मे महिन्यात एका संध्याकाळी सातपुड्याकडून धूळ उठेल, आणि आपण ओट्यावर उभे राहून, हातातला चहा तसाच ठेवून, झाडांच्या आवाजाकडे कान देऊन राहाल. यातले एकही वाक्य चुकले, तर आम्ही वर्गणी परत करू.

प्रश्न : स्पष्ट विचारतो. बारा राशींची भविष्ये आपण एकच मजकूर फिरवून लिहिता, हे खरे आहे काय?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बांभोरी

उत्तर : आमच्याबाबत खरे नाही, तेवढी मेहनत वाचली असती तर बरे झाले असते. पण एकच मजकूर पुरतो, हे सिद्ध झालेले आहे. अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांना ‘हे खास तुझे स्वभाववर्णन’ म्हणून एकेक कागद दिला आणि ते किती जुळते याला शून्य ते पाच यांतले गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. सर्वांच्या कागदावर एकच मजकूर होता, आणि त्यातला बराचसा बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातच याहून सरळ चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून त्यांतल्या प्रत्येकी चाळीस पत्रिका ज्योतिषांकडे दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांतली सेहेचाळीस टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तर पन्नास टक्के येण्याची अपेक्षा होती.

आता आमची बाजू. ‘प्रयत्नांना यश येईल, आप्तांशी मतभेद संभवतात, प्रवासात काळजी घ्यावी,’ हे कोणालाही लागू पडते, कारण त्यात काहीच सांगितलेले नसते. विनोदी भविष्य लिहिणाऱ्याला ती सवलत नाही. त्याने संदिग्ध लिहिले तर कोणी हसत नाही, म्हणून त्याला वार, वेळ आणि चौक सांगावा लागतो. ‘कर्क राशीच्या व्यक्तीला मंगळवारी सकाळी अजिंठा चौफुलीवर नात्यातला माणूस भेटेल आणि तो घाईत असूनही अर्धा तास बोलेल,’ असे आम्ही लिहिले, तेव्हा कर्केच्याच नव्हे, सगळ्याच राशींच्या लोकांनी ‘आमचे खरे ठरले’ म्हणून कळवले. यात ग्रहांचे श्रेय काही नाही. या गावात चौफुलीवर नातेवाईक भेटतोच.

प्रश्न : दिवाळी अंकात अकराच राशी होत्या. आमच्या कन्या राशीचे भविष्य कोठे गेले?
— एक कन्या, पिंप्राळा

उत्तर : ते छापखान्यात गेले आणि परत आले नाही. त्या पानावर आयत्या वेळी एक जाहिरात आली आणि बारांतली एक रास कमी केली तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही, असा निर्णय झाला. हा निर्णय घेणारे गृहस्थ कन्या राशीचे नव्हते. राहिलेला मजकूर येथे देतो. वर्षाचा अर्धा भाग उलटला असला, तरी थंडीतला भाग मोलाचा आहे.

कन्या : मार्गशीर्षात शेतावर जाण्याचा योग. निमित्त हुरड्याचे किंवा पाहुण्यांचे सांगितले जाईल, खरे कारण भरीत असेल. वांगी बामणोदकडची, हिरवी, अंगावर पांढरट रेषा असलेली आणि हातभर लांबीला थोडीच कमी अशी आणली जातील. ती आणणारे काका ‘यंदा महाग आहेत’ असे सांगून भाव सांगणार नाहीत. वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजली जातील, कारण गॅसवर भाजलेल्या वांग्याला या राशीत मान्यता नाही. जाळ करण्याची जबाबदारी अशा मेहुण्याकडे येईल, ज्याने सुरत किंवा पुण्यात बारा वर्षे काढली आहेत. त्याच्या चष्म्यावर राख बसेल आणि तो तसाच सूचना देत राहील. साल काढलेली वांगी, भाजलेली हिरवी मिरची आणि लसूण लाकडी बडगीत ठेचताना दोन पिढ्यांत मतभेद होतील. कांद्याची पात आणि शेंगदाणे तेलात पडतील, तेव्हा मतभेद संपतील. भरिताला लाल तिखट घालायचे का, असे कोणी नवखा विचारेल. त्याला कोणी उत्तर देणार नाही. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या सुरुवातीला कमी पडतील आणि शेवटी उरतील. आपण, म्हणजे कन्या, दिवसभर ‘मला नको, तिखट झेपत नाही’ म्हणत राहाल आणि परतताना डबा आपल्याच पिशवीत निघेल. शुभ रंग : वांगी हिरवी असली तरी शुभ रंग राखेचा. शुभ अंक : सहा, पुऱ्यांचा. या काळात मेहरूणची बोरे स्वीकारण्यास हरकत नाही, पण ती खात असताना व्याह्यांचा फोन घेऊ नये.

प्रश्न : कर्क राशीला ‘वैशाखाच्या आरंभी प्रवासयोग’ होता. सासूबाई म्हणतात, यंदा योग रद्द.
— एक सासुरवाशीण, अयोध्यानगर

उत्तर : आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, माहेरचा झोका रद्द करण्याचा अधिकार कोणत्याही ग्रहाला नाही, सासूबाईंना तर नाहीच. अक्षय्य तृतीया साडेतीन मुहूर्तांतली, तिला वेगळा योग पाहावा लागत नाही. आपण एवढेच विचारावे, की सासूबाई स्वतः त्या दिवसांत कोठे जात असत. त्यांच्या वयाच्या आमच्या एका आत्याबाईंना हे विचारले, तेव्हा त्यांनी हातातली सांजोरी खाली ठेवून ‘आखाजीले नाही जायचं, तं मंग कधी जायचं?’ असा उलटा सवाल केला. यजमानांची काळजी करू नये. घागर पुजून झाली, आमरस झाला, की ते पत्त्यांच्या डावाला बसतील, आणि आपण घरी नाही हे त्यांना दुसऱ्या दिवशी पैसे हरल्यावर आठवेल.

प्रश्न : असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाईंनी आपल्या कवितेत ज्योतिषाला ‘माझ्या दारी येऊ नको’ म्हणून सांगितले. पाटणला भास्कराचार्यांच्या विद्येचा मठ होता. अशा भूमीत राहून आपण राशिभविष्य छापता, हे आपल्याला शोभते काय?
— एक ज्येष्ठ वाचक, असोदा रस्ता

उत्तर : बहिणाबाईंचे म्हणणे आम्हाला मान्य आहे आणि म्हणूनच आम्ही कोणाच्या दारी जात नाही, अंक टपालाने पाठवतो. अकाली वैधव्य आलेल्या आणि राबून संसार उभा केलेल्या त्या बाईंनी ज्या ज्योतिषाला परत पाठवले, तो नशीब सांगायला आला होता. आम्ही फार तर पाणी कोणत्या दिवशी येईल ते सांगतो.

भास्कराचार्यांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. त्यांचा जन्म १११४ सालचा. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात जो शिलालेख आहे, तो त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ साली आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याविषयीचा आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. हा चांगदेव यादव राजा सिंघण याच्या पदरी होता, आणि हुद्दा होता मुख्य ज्योतिषाचा. म्हणजे आजोबा ग्रहांचे गणित करीत आणि नातवाला त्याच ग्रहांवर दरबारात पगार मिळे. खुद्द आजोबांविषयी जी आख्यायिका घरोघर सांगतात, तीही मुहूर्ताचीच आहे. मुलीच्या, लीलावतीच्या, लग्नाची घटिका चुकू नये म्हणून पाण्यावर घटिकापात्र ठेवले होते; ती कुतूहलाने वाकून पाहत असताना तिच्या दागिन्यातला मोती त्यात पडला, छिद्र बुजले, पात्र बुडालेच नाही आणि मुहूर्त टळून गेला. ही गोष्ट घडली की नाही, हा प्रश्न वेगळा. पण आमच्याकडे आजही मुहूर्त टळतो तो सहसा नवरीच्या पार्लरमुळे आणि वरातीतल्या बँडमुळे, ग्रहांमुळे टळल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या भूमीला शोभेल असे एक भविष्य मात्र आम्ही सांगू शकतो, आणि ते भास्कराचार्यांनाही पटले असते. जळगाव साधारण एकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत साडेतेवीस अंशांपर्यंत जातो आणि परत फिरतो, त्यामुळे जाताना एकदा आणि येताना एकदा तो नेमका आपल्या डोक्यावरून जातो. तेव्हा बाराही राशींच्या जळगावकरांचे एकत्रित भविष्य असे : मे महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत, दुपारी बारा वाजून पंचवीस मिनिटांच्या सुमारास, आपली सावली आपल्याला सोडून जाईल. टॉवर चौकातल्या खांबालाही ती राहणार नाही. मिनिट-दोन मिनिटांत ती परत येईल. जुलैच्या मध्यानंतर असाच योग पुन्हा आहे, पण त्या वेळी ढग असतील आणि आपण छत्री शोधत असाल. मे महिन्यातला योग पाहायला बाहेर पडणाऱ्यांनी डोक्याला रुमाल बांधावा आणि खिशात कांदा ठेवावा. पारा त्या दिवसांत पंचेचाळीसच्या आसपास हिंडत असतो आणि सावलीप्रमाणे तो मिनिटभरात परत जात नाही.

प्रश्न : मी मूळचा जळगावचा, गेली सात वर्षे पुण्यात हिंजवडीकडे राहतो. मला जळगावचे भविष्य लागू पडते की पुण्याचे?
— एक संगणक अभियंता, पुणे

उत्तर : हे जन्मगावावर ठरत नाही, पार्सलवर ठरते. आपल्या आईने गेल्या महिन्याभरात रात्रीच्या खासगी बसच्या चालकाकडे आपल्यासाठी काही दिले असेल, तर आपण अजून जळगावच्या पंचांगात आहात. पत्रात आपण ‘आई अधूनमधून काही ना काही पाठवते’ असे लिहिले आहे, त्यावरून निर्णय झालेला आहे. आता आपले या आठवड्याचे भविष्य घ्या. शुक्रवारी रात्री साडेनऊला एक पिशवी, तोंडाशी दोनदा गाठ मारलेली, डिकीत चढेल. तीत कळण्याचे पीठ असेल, वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाच वांगी असतील, आणि ज्या पानात ती गुंडाळलेली आहेत, ते बहुधा राशिभविष्याचेच असेल. शनिवारी पहाटे साडेपाचला अनोळखी क्रमांकावरून आपल्याला फोन येईल. तो उचलावा. चालक दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही, आणि पुढच्या थांब्यावर त्याने पिशवी उतरवली, तर वाकडच्या पुलाखाली आपल्याला ती शोधत फिरावे लागेल.